दोनशे पानी वही, सात महिने वापरून

वही घेतली होती हिशोबासाठी. जूनमध्ये ह्यांचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून ३ वेळा, दर वेळी ४ तास. मशीनला लावायच्या आधीचं वजन, नंतरचं वजन, बीपी, दिवसभरात पाणी किती प्यायले, सगळं टिपून ठेवा असं सिस्टरनी सांगितलं. खडेबाजारातून एकरेघी, पुठ्ठ्याच्या बांधणीची वही आणली, ६० रुपयांची. आता जानेवारी चालू आहे आणि तिसरी वही संपत आलीय.

हिशोबाचं लिहिणं कधी झालं ते तारखेनिशी सांगते, पान समोरच आहे. १४ जुलै. ‘आधी ६१.४, नंतर ५९.१.’ आणि त्याखाली, ‘आज बसमध्ये उभ्यानं आले. ह्यांना जागा मिळाली. सगळी वाट खिडकीबाहेर बघत होते.’ एवढंच. पण त्या रात्री झोप लागली.

खानापूरहून बेळगाव २५-२६ किलोमीटर. २०२३ च्या जूनपासून कर्नाटकात बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास फुकट, त्यामुळं मला शून्य रुपयाचं तिकीट मिळतं, ह्यांना मात्र पैसे पडतात. त्या तिकिटाच्या कोऱ्या पाठीवर मी बसमध्येच दोन शब्द खरडते आणि घरी आल्यावर वहीत चिकटवते. गंमत बघा, तिकिटावरचा छापा दोन महिन्यांत उडून गेला, माझ्या बॉलपेनचं तेवढं राहिलं.

पेनाचंही सांगून टाकते. जेलपेन घेऊ नका. आमच्या पावसात पिशवी ओली, वही ओली, ऑगस्टची ११ पानं निळीच झालीत. साधं बॉलपेन बरं.

सुरुवातीचे पंधरा-वीस दिवस शाळेत शिकवलं तसंच लिहीत होते. ‘मी गेले’, ‘मी आले’. आमच्याकडं बायकासुद्धा ‘मी गेलो’, ‘मी आलो’च म्हणतात. वहीत मी कुणीतरी दुसरीच बाई होते, शाळेतल्या बाईच म्हणा! एक दिवस घाईत ‘दमलो’ असं लिहून गेले आणि तिथून हात सुटला. (इथं तुमच्यासाठी नीट लिहितेय.) मग लिहायला लागलं तसं सासूबाईंचं बोलणंही जसंच्या तसं उतरायला लागलं, ‘काय लिहूलैस गं एवढं?’ सकट.

भाच्यानं फोनवर बोलून टाइप करायला शिकवलं. आठवडाभर करून बघितलं. ‘करूलोय’, म्हणजे करतोय, असं म्हटलं की फोन ‘करून आलोय’ लिहितो. न केलेली कामं झालेली दिसायला लागली. शिवाय शेजारच्या खुर्चीत माणूस झोपलेलं असताना मोठ्यानं काय काय सांगणार?

लिहिलं की मोकळं वाटतं म्हणतात ना, तसं लगेच होत नाही. वाईट दिवसाचं लिहिलं की तो दिवस दोनदा काढल्यासारखा होतो. जेम्स पेनेबेकर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८६ साली विद्यार्थ्यांना सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं, मनातलं दुखणं लिहायला लावलं होतं. घडलेलं आणि त्याचं काय वाटलं, असं दोन्ही लिहिणाऱ्यांचं मन लिहिल्यावर उलट जडच झालं होतं, मात्र पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. माझ्या फेऱ्या काय कमी होणार नाहीत, आठवड्याला ३ ठरलेल्याच. पण सोमवार कुठला, शुक्रवार कुठला हेच कळेनासं झालं होतं, ते आता कळतं. ज्या दिवशी ह्यांच्या हाताच्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला जोडून केलेल्या शिरेवर, बोट ठेवलं आणि तिथली नेहमीची थरथर लागेना म्हणून मी घाबरले, तो वेगळा दिवस. माझंच बोट गारठलेलं होतं.

सप्टेंबरात गोकाककडच्या एक अक्का शेजारी बसायच्या, मुलाबरोबर. मी काय लिहिते ते विचारून घेतलं आणि पुढच्या वेळी म्हणाल्या, ‘नम्दू बरीरी अक्का.’ आमचंही लिहा. त्या कन्नडमध्ये सांगायच्या, मी मराठीत लिहायची. अडलं की मुलगा हातवारे करून सांगायचा, सुया नसलेल्या हातानं. दुसऱ्या वहीतली ९ पानं त्यांची आहेत. त्यांना ती वाचता येत नाहीत, मी मोडक्या कन्नडमध्ये परत सांगायची आणि त्या चुका काढायच्या. शेत विकलं नव्हतं, गहाण टाकलं होतं. खोडून दुरुस्त केलं. चार तास कुठं जायचे कळायचं नाही. हिशोबाच्या वहीची कुणी एवढी वाट बघितली नसेल.

वहीचा मोठा दोष म्हणजे तिला कुलूप नाही. नोव्हेंबरात ह्यांनी वजन बघायला उघडली आणि पुढचं वाचलं. ‘पाणी मोजून दिलं की चिडतात. मलाही तहान लागते. ह्यांच्यासमोर पिववत नाही, मोरीत उभी राहून पितो.’ दोन दिवस आमच्यात बोलणं नाही. मी वही जाळायला निघाले होते, खोटं कशाला सांगू.

तिसऱ्या दिवशी जेवताना माझा तांब्या पुढं सरकवून म्हणाले, ‘इथंच पी.’

आता चौथी आणायचीय. या वेळी मोठ्या आकाराची बघते, उजवीकडचं अर्धं पान ह्यांनी मागून घेतलंय. फक्त वजन लिहीन म्हणालेत.