गायीचा क्षयरोग: कातडीची चाचणी की गॅमा इंटरफेरॉन?

दोन्ही चाचण्या गायीच्या टी-पेशींनाच (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी) विचारतात: मायकोबॅक्टेरियम बोविसची, म्हणजे या रोगाच्या जंतूची, ओळख आहे का?

कातडीच्या चाचणीत मानेवर ०.१ मिली बोवाइन पीपीडी (या जंतूपासून काढलेली शुद्ध प्रथिनं) कातडीच्या आत टोचतात. ७२ तासांनी कॅलिपरने कातडीची घडी मोजायची. जाडी ४ मिमी किंवा जास्त वाढली तर पॉझिटिव्ह. खर्च कमी, पण जनावर दोनदा धरावं लागतं. सुई कातडीखाली गेली की गाठ येत नाही. फेरचाचणी साधारण ४२ दिवसांनीच, कारण मधल्या काळात प्रतिसाद मंदावतो.

गॅमा इंटरफेरॉनची रक्तचाचणी संसर्ग लवकर पकडते. गॅमा इंटरफेरॉन म्हणजे जंतू ओळखला की टी-पेशी सोडतात ते प्रथिन. हेपरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीतलं रक्त पीपीडीसोबत ३७ अंशांवर १६ ते २४ तास ठेवून प्लाझ्मावर (रक्तातल्या द्रवावर) ते प्रथिन मोजणारी एलायझा चाचणी करतात. पेशी जिवंत हव्यात, म्हणून नमुना बर्फात ठेवायची नेहमीची सवय इथे नडते. सहा महिन्यांखालच्या वासरांत एनके (नॅचरल किलर) या वेगळ्या प्रतिकारक पेशींमुळे खोटे पॉझिटिव्हही निघतात.

सरसकट तपासणीला कातडीची चाचणी पुरते. रोग सापडलेल्या गोठ्यात रक्ताची जोड द्यावीच. मात्र आजार फार बळावलेल्या गायीत टी-पेशी थकतात आणि दोन्ही चाचण्या निगेटिव्ह येऊ शकतात. अशा वेळी अँटिबॉडी तपासावी.