पांतानाल की रिओ नेग्रो? ब्राझीलमध्ये एकच जंगल निवडायचं असेल तर

ब्राझीलच्या आखणीत रिओ दि जानेरो शहर आणि इग्वासूचा धबधबा यांच्यावरून घरात वाद होत नाहीत, ते यादीत असतातच. अडतं ते उरलेल्या चार-पाच दिवसांवर. मनाऊसला उतरून अमेझॉनच्या जंगलातल्या रिओ नेग्रो नदीवर जायचं, की कुयाबाला उतरून पांतानालच्या पाणथळीत? दोन्ही एका सुट्टीत बसवायचा मोह होतो. आम्ही नवरा-बायकोने एका जुलैत तो केला. थेट विमान मिळालं नाही, ब्राझिलियाला उतरा, ताटकळत बसा, पुन्हा चढा, यात एक अख्खा दिवस गेला. हाताशी दोन आठवडे नसतील तर एकच निवडा, असं मी सांगेन. कोणतं, ते मात्र तुम्ही कशासाठी जाताय यावर आहे. निदान बऱ्याच अंशी.

प्राणी दिसायलाच हवेत, त्यासाठीच पैसे मोजतोय, अशी अट असेल तर पांतानाल. यात दुमत होण्यासारखं काही नाही. तिथे जमीन मोकळी, झाडं विरळ, आणि जुलैपासून पाणी आटत गेलं की उरलेल्या डबक्यांभोवती सगळी जत्रा भरते. पोकोनेहून पोर्तो जोफ्रेला जाणारा ट्रान्सपांतानेरा हा सुमारे १४५ किलोमीटरचा मातीचा रस्ता आहे, वाटेत शंभराहून जास्त पूल, त्यातले बरेच आम्ही गेलो तेव्हा लाकडी. चाकांखाली फळ्या खडखडतात आणि खाली डबक्यात कैमान मगरी ओंडक्यांसारख्या पडलेल्या असतात. पन्नासपर्यंत मी मोजल्या, मग सोडून दिलं. एका ठिकाणी कॅपिबाराचं कुटुंब पिल्लांसकट रस्त्यात आडवं बसलं होतं. ड्रायव्हरने हॉर्न न वाजवता इंजिन बंद केलं आणि खिशातून संत्रं काढून सोलायला घेतलं. निळ्या मकाव पोपटांची एक जोडी कुंपणाच्या खांबावर बसून आकुरी ताडाची फळं फोडत होती. ते कवच फुटताना अडकित्त्यात सुपारी कातरल्यासारखा आवाज येतो. धूळ मात्र अशी की संध्याकाळी नाक शिंकरलं तर लाल माती.

रिओ नेग्रोवर यातलं काही मिळत नाही. चार दिवसांत आम्हाला दिसलेले सस्तन प्राणी एका हाताच्या बोटांवर मोजता येतील: माकडांच्या दोन टोळ्या, गुलाबी डॉल्फिन, आणि झाडाच्या शेंड्यावर एक राखाडी गोळा, जो स्लॉथ आहे असं वाटाड्या म्हणाला म्हणून आम्ही मान्य केलं. तीस-चाळीस मीटर उंच झाडीत जे काही चालतं ते वरच्या मजल्यावर, आणि आपण तळमजल्यावर मान मोडून उभे. दुर्बिणीच्या काचेवर दमटपणाने वाफ धरते ती वेगळीच. ‘ते बघा, तिकडे’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की शेवटी न दिसताही मान डोलवायला लागलो.

मग प्रश्न मिटलाच की, असं वाटेल. मलाही पोर्तो जोफ्रेला पोचेपर्यंत तसंच वाटत होतं.

तिथून पुढे रस्ता नाही, कुयाबा नदीच्या फाट्यांमधून मोटरबोटीने हिंडायचं आणि काठावर जग्वार शोधायचा. शोधायचा म्हणजे काय, तर वायरलेस ऐकायचा. दुसऱ्या सकाळी आम्ही एका वळणावर महाकाय पाणमांजरांचं कुटुंब बघत थांबलो होतो. हा प्राणी जवळजवळ माणसाएवढा लांब असतो. त्यातलं एक मासा दोन्ही पंजांत उभा धरून डोक्याकडून खात होतं, हाडं मोडल्याचा आवाज बोटीत ऐकू येत होता, शेपटी अजून हलत होती. तेवढ्यात वायरलेस पोर्तुगीजमध्ये खरखरला. नावाडी ताठ झाला, बोट गर्रकन वळली, आणि पुढची वीस मिनिटं टोप्या धरून आम्ही सुसाट. पोचलो तेव्हा तिथे आधीच सतरा बोटी होत्या. आपल्याकडच्या व्याघ्रप्रकल्पांत जिप्सींची कोंडी बघितलेल्यांना वेगळं वर्णन नको. पेट्रोलचा वास, हाताएवढ्या लांब लेन्सा, ‘थोडं मागे घ्या’ची कुजबुज. समोर काठावर जग्वार आडवा झोपलेला. त्याने एकदा जांभई दिली तेव्हा सतरा बोटींतून कॅमेरे ताशे वाजल्यासारखे कडकडले.

जग्वार देखणा होता, खोटं कशाला बोलू. पण त्या तीन दिवसांत हे पाच वेळा झालं, आणि प्रत्येक वेळी आम्ही बघत असलेलं काहीतरी अर्धवट टाकून निघालो. वायरलेस थोडा वेळ बंद ठेवता येईल का, असं मी विचारलं. वाटाड्या अगदी अदबीने म्हणाला की बोटीतले बाकीचे चौघे जग्वारसाठी आलेत. त्याचं बरोबरच होतं. स्वतंत्र बोट घेतली असती तर कदाचित माझं मत वेगळं झालं असतं, पण सामायिक बोटीतले तीन दिवसही आम्हाला रिओ नेग्रोच्या चार दिवसांपेक्षा महाग पडले होते.

त्या खरखरीमुळे मला आधी करून आलेल्या रिओ नेग्रोची आठवण यायला लागली. रिओ नेग्रोला दरवर्षी पूर येतो, साधारण जूनमध्ये पाणी सर्वांत वर असतं आणि काठचं जंगल कित्येक मीटर बुडतं. या बुडालेल्या जंगलाला इगापो म्हणतात. मोटर बंद करून आम्ही वल्ह्यांवर आत शिरलो. होडी झाडांच्या फांद्यांमधून चालली होती. जिथे एरवी पक्षी बसायचे तिथे आमचे खांदे. पाणी कोऱ्या चहासारखं, हात बुडवला तर मनगटापर्यंत तांबूस आणि पुढे दिसेनासा. कुठूनतरी फळ टपकायचं आणि लगेच खालून डुबुक् असा आवाज. तांबाकी नावाचा मासा या दिवसांत झाडाखाली येऊन पडलेली फळं खातो, म्हणून इथले कोळी गळाला फळच लावतात. वाटाड्याने बोटाएवढ्या जाड काठीला गळ बांधून तासभर प्रयत्न केला. मासा लागला नाही. तासभर कुणी बोललं नाही.

आणखी एक सोय, जिची कुणी जाहिरात करत नाही: या काळ्या पाण्याला आम्लता असल्यामुळे डास कमी. पहिल्या संध्याकाळनंतर मलमाची ट्यूब उघडलीच नाही. पांतानालमध्ये दिवेलागणीला ती दोघांत एक पुरली नाही. तिथे जुलैच्या हिवाळ्यात अधूनमधून दक्षिणेकडून थंड वारा घुसतो हेही आम्हाला कळलं, ते स्वेटर मनाऊसच्या लॉजवर विसरल्यावर.

मनाऊसचं आणखी दोन ओळींत. १८९६ साली रबराच्या पैशावर उघडलेलं नाट्यगृह अर्ध्या दिवसात बघून होतं, चुकवू नका. रिओ नेग्रो आणि सोलिमोंइस या नद्यांचा संगमही बघाच. काळं आणि मातकट पाणी सुमारे सहा किलोमीटर शेजारी शेजारी वाहतं, कारण दोन्हींचा वेग, तापमान, घनता वेगळी. मुक्कामाला मात्र शहराजवळचं लॉज घेऊ नका. नोवो आयरांव गावापर्यंत, नदीतल्या अनाविल्यानासच्या बेटांकडे वर जा. मनाऊसच्या आसपास मोटरबोटींची वर्दळ आहे आणि मग माझा सगळा मुद्दाच उरत नाही.

शाकाहारींची दोन्हीकडे सारखीच तारांबळ: भात, काळा घेवडा, कसाव्याचं भरड पीठ. घेवड्यात मांस आहे का, एवढं विचारायला शिकून घ्या.

बायकोचं मत अजून पांतानालच्या बाजूने आहे, आणि लहान मुलं बरोबर असतील तर मीही तिच्या बाजूने. मुलांना तासभर डुबुक् ऐकवून चालणार नाही. महिन्याचा हिशेबही आहे. मे ते जुलै मिळत असेल तर मी मनाऊसचं तिकीट काढेन. सुट्टी सप्टेंबर-ऑक्टोबरचीच असेल तर मुकाट्याने कुयाबा, कारण तेव्हा इगापो कोरडं पडलेलं असतं, आणि २०२३ व २०२४ च्या ऑक्टोबरात तर मनाऊसला नदीने नोंदींतला नीचांक गाठून बोटी चिखलात बसवल्या होत्या. पांतानालमध्ये त्याच महिन्यांत वणव्यांचा धूर असू शकतो, २०२० मध्ये त्याचा चौथ्या हिश्श्याहून जास्त भाग जळला होता, तेव्हा निघण्याआधी बातम्या बघा. कुठेही जा, पिवळ्या तापाची लस निदान दहा दिवस आधी घ्या आणि लसीच्या दाखल्याचं पिवळं कार्ड पासपोर्टातच ठेवा. परतताना भारतातल्या विमानतळावर ते मागतात, आणि आमचं तेव्हा चेक-इन केलेल्या बॅगेत होतं.