रास्पबेरी पायचा नॅस: यूएसबीची पेटी की साटा हॅट?

घरच्या नॅससाठी, म्हणजे सगळ्यांच्या फाइली नेटवर्कवरून एका जागी ठेवणाऱ्या साठ्यासाठी, रास्पबेरी पाय हा छोटा एका बोर्डाचा संगणक वापरायचा एवढे ठरले की संगणकाचा प्रश्न संपतो आणि डिस्कचा सुरू होतो. पाय ४ च्या निळ्या यूएसबी पोर्टात डिस्कची पेटी खोचावी, की पाय ५ घेऊन त्याच्या पीसीआयई या जलद जोडणीवर साटा हॅट, म्हणजे यूएसबीशिवाय डिस्क थेट जोडून देणारा जोडबोर्ड, बसवावी? पहिल्या पद्धतीने मी सुमारे अडीच वर्षे काढली आणि दुसरीवर येऊन आता सव्वा वर्ष झाले. दोन्ही वेळी काम तेच होते: घरातल्या चार फोनांमधले फोटो, वडिलांच्या कॅसेटवरून उतरवून घेतलेली नाट्यगीते आणि दोन लॅपटॉपच्या रोजच्या प्रती. प्रणालीही तीच होती, साधे रास्पबेरी पाय ओएस आणि त्यावर हाताने मांडलेला सांबा, म्हणजे फोल्डर नेटवर्कवर वाटून देणारा प्रोग्राम. त्यामुळे ही तुलना निदान माझ्या घरापुरती तरी सरळ आहे.

वेगाचा मुद्दा आधीच बाजूला ठेवतो, कारण त्याने निर्णय होत नाही. पाय ३ पर्यंत नेटवर्क आणि डिस्क यांची वाहतूक एकाच यूएसबी २.० च्या वाटेने होत असे, आणि त्या काळातले लेख वाचून पायवरचा नॅस रखडतो असे लोक अजूनही सांगतात. २०१९ च्या पाय ४ मध्ये गिगाबिट इथरनेटला स्वतंत्र वाट मिळाली आणि यूएसबी ३.० आले, २०२३ च्या पाय ५ ने पीसीआयईची एक लेन वापरणाऱ्याच्या हाती दिली. त्या लेनवर डिस्क पुष्कळ पळू शकतात हे खरे, पण पुढची तार गिगाबिटचीच असेल तर मर्यादा सेकंदाला १२५ मेगाबाइटची आहे, आणि माझ्याकडे मोठी फाइल केबलवरून उतरवताना दोन्ही वेळा आकडा ११० च्या आसपासच दिसला. वाय-फायवर बसलेल्या घरच्यांना तर काही बदलले आहे हेही कळले नाही.

पैशांच्या बाबतीत पेटी सरळ जिंकते. डिस्क बहुधा घरात असतेच, पेटी कुठेही मिळते आणि अर्ध्या तासात फोल्डर लॅपटॉपवर दिसू लागतो. अडचण विजेपासून सुरू होते. पाय ४ चे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअर देतात. त्यात लॅपटॉपच्या मापाची एक फिरती डिस्क भागते, पण दोन डिस्क एकदम सुरू झाल्या की ओढाताण होते. म्हणून बहुतेक जण माझ्यासारखेच साडेतीन इंची डिस्क आणि तिची १२ व्होल्टच्या ॲडॅप्टरवर चालणारी पेटी घेतात. संगणक एका ॲडॅप्टरवर आणि डिस्क दुसऱ्यावर, ही मांडणी इतकी स्वाभाविक वाटते की तिच्यात काही खोट असेल असे मनातही येत नाही.

ती खोट मला कळली जुलैमधल्या एका दुपारी. आमच्याकडे नाशिकला पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते त्यापेक्षा जास्त वेळा ती नुसती पापणी लवावी तशी जाऊन येते. त्या क्षणात पायच्या ॲडॅप्टरने तग धरला आणि पेटीच्या ॲडॅप्टरने धरला नाही. म्हणजे संगणक जागाच राहिला, डिस्क मात्र थांबून पुन्हा फिरू लागली. पायच्या लेखी एसडीए नावाची डिस्क निघून गेली होती आणि एसडीबी नावाची कोणी नवी पाहुणी दारात आली होती. माउंट, म्हणजे डिस्क एखाद्या फोल्डरमध्ये दाखवणारी जोडणी, जुन्या नावाला धरून बसले होते आणि कोणी फाइल मागितली की एरर देत होते. मी ऑफिसातूनच पाय रीस्टार्ट केला, आणि खरे नुकसान तिथून पुढे झाले.

डिस्क नसली तरी संगणक अडकून पडू नये म्हणून एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना कोणती डिस्क कुठे माउंट करायची त्या यादीत, नोफेल लिहावे, असे सगळेच सांगतात आणि तो सल्ला चुकीचा नाही. मीही लिहिले होते. पण त्या झटक्यानंतर पेटी गोठून बसली होती, त्यामुळे पाय डिस्कशिवायच सुरू झाला आणि ज्या फोल्डरवर डिस्क माउंट व्हायची तो फोल्डर रिकामा, परंतु लिहिण्याजोगा, तसाच उघडा राहिला. सुरुवातीला घाईघाईत मी त्याची मालकी सांबाच्या वापरकर्त्याला देऊन ठेवली होती, ही माझीच चूक. रात्री फोनांनी पाहिले तर तिथे एकही फोटो नव्हता. त्यांनी इमानेइतबारे पहिल्या फोटोपासून सगळे पुन्हा पाठवायला घेतले, आणि ते सारे जाऊन बसत होते ३२ जीबीच्या एसडी कार्डावर. सकाळी कार्ड काठोकाठ भरलेले आणि सांबा गप्प. ‘पाय बंद पडला’ असे मी सकाळी सकाळी म्हणालो, तेव्हा आईने आधी माझ्या गुडघ्याकडे पाहिले.

यावर उपाय आहेत आणि ते मी एकेक करून सगळे केले. डिस्क नावाऐवजी यूयूआयडीने, म्हणजे तिच्या स्वतःच्या ओळखक्रमांकाने, ओळखायची. डिस्क काढून रिकाम्या फोल्डरवर चॅटर ही आज्ञा चालवून तो असा कुलूपबंद करायचा की डिस्क बसल्याशिवाय त्यात रूटलाही, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्यालाही, काही लिहिता येऊ नये. हे दोन मिनिटांचे काम आहे आणि कोणतीही पद्धत निवडली तरी करावे. काही पेट्यांच्या आतली चिप यूएएस या जलद पद्धतीत अडखळते, तेव्हा बूटच्या ओळीत एक नोंद घालून ती पद्धत त्या पेटीपुरती बंद करता येते. वेग थोडा उतरतो, पण स्थैर्य वाढते. या उपायांनी माझे नुकसान टळू लागले. पण कारण जागेवरच होते, कारण दोन ॲडॅप्टर दोन वेगवेगळ्या क्षणी मान टाकतात आणि त्याला सॉफ्टवेअर काय करणार? दोन्ही एका चांगल्या यूपीएसवर लावले तर प्रश्न मिटतो, हेही तितकेच खरे. ज्यांच्याकडे तसा यूपीएस आहे त्यांनी माझी ही सारी कैफियत निम्म्या वजनाची धरावी. आमचा इन्व्हर्टर जिने आणि पंखे यांच्यासाठी आहे. नॅस ज्या कोपऱ्यात आहे तिथवर त्याची तार पोचत नाही.

साटा हॅटमध्ये मला आवडले ते नेमके इथे. मी घेतलेली रॅडक्सा कंपनीची पेंटा हॅट १२ व्होल्टच्या एकाच जॅकवर चालते. तीच डिस्कना वीज देते आणि पिनांमधून पायलाही. वीज गेली की सगळे एकदम जाते, आली की सगळे एकदम येते. धाडकन बंद होणे कोणत्याच डिस्कसाठी चांगले नाही, पण ईएक्सटी४ ही फाइलप्रणाली आपल्या जर्नलवरून, म्हणजे बदलांच्या नोंदवहीवरून, सावरते. अर्धवट जाग्या नॅसला सावरायला मीच लागत होतो. गेला पावसाळा या जोडणीवर काढला. वीज कितीदा लवली ते मोजले नाही, परंतु दरवेळी थोड्या वेळाने फोल्डर जागेवर होते आणि मला ऑफिसातून काही करावे लागले नाही.

ॲडॅप्टर मात्र जोरकस घ्यावा. साडेतीन इंची डिस्क फिरू लागताना १२ व्होल्टवर दोनेक अँपिअर ओढते, म्हणून दोन डिस्कसाठी मी १० अँपिअरचा घेतला. राउटरसाठी मिळणारा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस इथेही चालवावा असा मोह होतो; तो या ओढीला पुरत नाही.

हॅटचा त्रास वेगळ्या जातीचा आहे, पण तो एकदाच होतो. पाय आणि हॅट यांना जोडणारी पट्टी फिल्मच्या तुकड्याएवढी पातळ असते. नखाने खटका उचलायचा, पट्टी अगदी सरळ सारायची आणि खटका दाबायचा. माझी पहिल्यांदा केसभर तिरकी बसली आणि एकही डिस्क दिसेना. तासभर मी कॉन्फिगच्या फाइलमध्ये दोष शोधत बसलो. मनासारखी तयार पेटी मला मिळाली नाही, म्हणून सुताराकडून प्लायची करून घेतली, मागे पंख्याला भोक आणि त्यावर जाळी, कारण आमच्या भिंतीवरच्या पालींना ऊब फार आवडते.

पेटीतून हॅटकडे येणाऱ्यांना एक धोका आधी सांगितला पाहिजे. काही यूएसबी पेट्या मोठ्या डिस्कचे सेक्टर, म्हणजे तिच्यावरचे साठवणीचे कप्पे, ५१२ ऐवजी ४०९६ बाइटचे असल्याचे संगणकाला सांगतात. अशा पेटीत आखलेली डिस्क सरळ साटावर लावली की पार्टिशनच दिसत नाही. माझी ४ टीबीची डिस्क तशीच कोरी दिसली तेव्हा पोटात गोळा आला. ती पुन्हा पेटीत घातली, सगळे दिसले, दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतले आणि मगच तिला नव्याने फॉरमॅट केले. म्हणून दुसरी डिस्क हाताशी असल्याशिवाय हे स्थलांतर करू नये.

दोनच डिस्क हव्या असतील तर ओड्रॉइड एचसी४ हाही विचार करण्याजोगा बोर्ड आहे. त्यात साटाच्या दोन खाचा बोर्डावरच आहेत आणि वीजही एकाच जॅकची. पायभोवती जमलेली माहिती आणि माणसे मला सोडवली नाहीत, एवढेच त्याला नाकारण्याचे कारण. ऑफिसातून निघालेला जुना छोटा पीसी घेऊन हे सगळे टाळता येते, पण मग हा बोर्डाचा विषय राहत नाही.

ज्यांच्याकडे पाय ४ आहे आणि ज्यांचे काम एका एसएसडीत भागते, त्यांना मी हॅट घ्या असे म्हणणार नाही. पोर्टातूनच वीज घेणारी एसएसडी आणि पाय यांचा ॲडॅप्टर एकच असतो, त्यामुळे माझी तक्रार तिथे लागूच होत नाही. पाय ५ वर हेच करायचे असेल तर त्याचा ५ अँपिअरचा ॲडॅप्टर घ्यावा. जुन्या ३ अँपिअरच्या ॲडॅप्टरवर तो यूएसबीला सगळे मिळून ६०० मिलिअँपिअरच देतो. फिरत्या डिस्क दोन किंवा अधिक, आणि घर वीज लवणाऱ्या गावात, अशी स्थिती असेल तर मात्र माझा हात हॅटकडेच जाईल.

दोन डिस्कची रेड, म्हणजे दोन्हींवर एकाच वेळी तेच लिहिणारी जोडी, मी बांधली नाही. पहिलीवरून दुसरीवर रोज रात्री आरसिंक ही आज्ञा प्रत उतरवते, म्हणजे चुकून खोडलेला फोटो काल रात्रीपर्यंतचा तरी सापडतो. जुनी पेटीही वाया गेली नाही. महिन्यातून एकदा तिच्यात तिसरी डिस्क घालून प्रत काढतो आणि ती डिस्क बहिणीच्या घरी, तिच्या कपाटातल्या साड्यांखाली जाऊन बसते.