पातळी की विसर्ग? डोंगरी नदीत उतरण्याआधी कोणता आकडा धरावा

धरण नसलेल्या डोंगरी नदीवर जायचं ठरवलं की मापन केंद्राकडून दोन आकडे मिळतात. समजा, पाणीपातळी १.४२ मीटर आणि विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला वाहून जाणारं पाणी, सेकंदाला २४ घनमीटर (साधारण ८५० क्युसेक). राफ्ट असो, कयाक असो की पायी पलीकडे जायचं असो, निर्णय कशावरून घ्यायचा?

माझं उत्तर असं: घरी बसून नदी आणि दिवस ठरवताना विसर्ग पाहावा, काठावर पोहोचल्यावर पातळी. दोन्हींच्या आधी मात्र पाणी चढतंय की ओसरतंय हे पाहावं. हे असं का, ते दोन आकडे कुठून येतात हे कळल्याशिवाय पटणार नाही.

पातळी मोजली जाते, विसर्ग काढला जातो. पाण्यातला दाबमापक किंवा पुलाखाली बसवलेला रडार पृष्ठभागाची उंची टिपत राहतो. अमेरिकेतल्या बहुतेक केंद्रांवर दर १५ मिनिटांनी नोंद होते. विसर्ग असा सतत मोजता येत नाही. त्यासाठी माणसं वर्षातून काही वेळा नदीवर जातात, पात्राची रुंदी लहान लहान पट्ट्यांत वाटतात, प्रत्येक पट्टीतली खोली आणि वेग मोजतात आणि पट्टीची रुंदी, खोली आणि वेग यांच्या गुणाकारांची बेरीज करतात. २० मीटर रुंद पात्र, सरासरी खोली ०.८ मीटर आणि वेग सेकंदाला १.५ मीटर असेल तर विसर्ग २४ घनमीटर येतो. वेगवेगळ्या पातळ्यांना केलेल्या अशा मोजण्या एका वक्ररेषेत जोडतात. पुढे पातळीची प्रत्येक नोंद त्या रेषेवर ठेवून विसर्गाचा आकडा निघतो.

म्हणजे विसर्गाचा आकडा पातळीच्याच खांद्यावर उभा असतो. मोठ्या पुरात तळ खरवडून निघाला किंवा वरून गोटे येऊन भरला, तर पातळी बरोबर असूनही विसर्ग चुकतो आणि नव्याने मोजणी होईपर्यंत तो चुकतच राहतो. शिवाय सर्वांत मोठ्या पुरात पात्रात उतरून मोजणारं सहसा कोणी नसतं, त्यामुळे रेषेचं वरचं टोक बऱ्याचदा अंदाजाने पुढे ओढलेलं असतं. पाणी भयंकर असतं तेव्हाच विसर्गाचा आकडा सर्वांत कमी भरवशाचा. अशा वेळी मी पातळीच धरेन.

पातळीही निर्दोष नाही. तिचं शून्य केंद्र उभारताना सोयीनुसार ठरवलेलं असतं, त्यामुळे १.४२ मीटर म्हणजे तिथे १.४२ मीटर खोल पाणी, असं मुळीच नाही. एका नदीची पातळी दुसरीच्या पातळीशी ताडून पाहण्याला काही अर्थ नाही. थंड प्रदेशात हिवाळ्यात बर्फाने पात्र अडलं की पाणी वाढलेलं नसतानाही पातळी वर चढते.

विसर्गाची तुलना करता येते, पण ती पाण्याच्या परिमाणाची. सेकंदाला २४ घनमीटर पाणी ६० मीटर रुंद गोट्यांच्या पात्रात मांडीपर्यंतही येणार नाही कदाचित. ८ मीटरच्या घळीत तेच पाणी माणसाला खडकावर आपटेल. नदी किती अवघड आहे ते उतार, रुंदी आणि खडकांवर ठरतं, आणि विसर्गाच्या आकड्यात यातलं काहीच दिसत नाही.

नवखा माणूस हमखास फसतो ते पुढच्या मुद्द्यावर, म्हणून इथे जरा थांबू. पातळी आणि विसर्ग सारख्या प्रमाणात वाढत नाहीत. रुंद, उथळ पात्रात सरासरी खोली ५० सेंटिमीटरवरून ७० झाली तर विसर्ग ढोबळ हिशेबाने पावणेदोन पट होतो. खोली १५० वरून १७० झाली तर वाढ तेवढीच, २० सेंटिमीटर, पण विसर्ग जेमतेम पाव पटीने वाढतो. कमी पाण्याच्या दिवसांत ‘वीतभरच तर चढलंय’ म्हणून दुर्लक्ष करू नये ते यासाठी; त्या एका वितीत नदीचा स्वभाव बदललेला असतो. अरुंद घळीत चित्र उलटं दिसतं: पाण्याला पसरायला जागा नसते, म्हणून विसर्गातली थोडी वाढही पातळी झपाट्याने वर नेते. आणि वेग दुप्पट झाला की पायावर येणारा रेटा चौपट होतो, हे कुठल्याही आकड्यात लिहिलेलं नसतं.

एकाच नदीवर वर्षानुवर्षं जाणारी माणसं मात्र पातळीच बोलतात, आणि त्यात तथ्य आहे. आयडाहोमधली सॅल्मन नदीची मिडल फोर्क ही १९६८ च्या कायद्याने अमेरिकेत संरक्षित झालेल्या पहिल्या ८ नद्यांपैकी एक. तिच्यावर धरण नाही. तिथले राफ्टवाले ‘आज चार फूट आहे’ एवढंच म्हणतात आणि ऐकणाऱ्याला सगळं कळतं: कुठला खडक बुडाला असेल, कुठल्या धारेत लाट उभी राहिली असेल. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी आटलं की बाउंडरी क्रीकजवळचा वरचा खडकाळ टप्पा राफ्टला जड जातो, म्हणून बरेच जण छोट्या विमानाने सुमारे ४० किलोमीटर खाली इंडियन क्रीकला जाऊन तिथून सुरुवात करतात. ही समज त्या एका मापनपट्टीशी जोडलेली आहे. तुमच्याकडे ती नसेल तर तुमच्यासाठी ‘चार फूट’ म्हणजे कोरा आकडा.

आता चढ-उताराकडे. बर्फ वितळून येणारी नदी रोज श्वास घेतल्यासारखी वरखाली होते. उन्हाचं पाणी डोंगरात दुपारनंतर वाढतं, पण खाली दूरवर ते मध्यरात्री किंवा पहाटे पोहोचतं. सकाळी सहज ओलांडलेला प्रवाह संध्याकाळी परतताना वाट अडवतो तो यामुळेच. हा रोजचा चढ-उतार आलेखावर करवतीच्या दातांसारखा दिसतो. त्या दातांत न बसणारी उभी चढ दिसली तर ती पावसाची समजावी, आणि अशा दिवशी दोन्ही आकडे बाजूला ठेवून थांबावं.

केंद्र तुमच्या जागेच्या कुठे आहे तेही पाहा. ते ४० किलोमीटर वर असेल आणि पाणी सेकंदाला १.५ मीटरने वाहत असेल, तर ते तुमच्यापर्यंत यायला सात तासांहून जास्त लागतात. पुराची लाट मात्र पाण्यापेक्षा वेगाने पुढे सरकते, म्हणून हातात त्याहून कमी वेळ धरा. केंद्र तुमच्या खाली असेल तर ते तुम्हाला होऊन गेलेलं सांगतं. मध्ये मिळणारे ओढे तर वरच्या केंद्राला ठाऊकच नसतात.

पायी ओलांडणाऱ्यासाठी दोन्ही आकडे दुय्यम आहेत, त्याने समोरच्या पाण्याची खोली आणि वेग पाहावा. प्रवाह मोजणाऱ्या लोकांत एक जुना ठोकताळा आहे: फुटांतली खोली गुणिले सेकंदाला फुटांतला वेग, उत्तर १० च्या घरात गेलं की पाण्यात उतरायचं नाही. तो सरावलेल्या, सुरक्षा साधनं घातलेल्या माणसांसाठी आहे. पाठीवर ओझं असलेल्याने त्याच्या बऱ्याच अलीकडे माघार घ्यावी.

यंत्रही चुकतं. तासन्‌तास एकाच उंचीवर सरळ गेलेली रेषा म्हणजे बहुधा अडकलेला मापक, शांत नदी नव्हे. क्षणात उडी मारून परत जागेवर आलेला आकडा अडकलेल्या ओंडक्याचा असू शकतो. ताज्या नोंदी तात्पुरत्या असतात, नंतर दुरुस्त होतात.

काठावर मुक्काम असेल तर झोपण्याआधी पाण्याच्या अगदी कडेला एक ओळखू येईल असा दगड ठेवा. पहाटे तो पाण्याखाली गेलेला दिसला तर पाणी का चढलं हे कळेपर्यंत राफ्ट बांधलेलीच राहू द्या.