पद्मिनीचं कूलंट लीकेज: वागळे इस्टेटमधलं गॅरेज

बाबांची जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी, १०८९ सीसीवाली, ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या गायमुखच्या चढाला लागली की टेम्परेचरचा काटा वर आणि खाली हिरवं पाणी, म्हणजे इंजिन गार ठेवणारं कूलंट. आधीच्या मेकॅनिकने तर रेडिएटरमध्ये चक्क हळद टाकलेली, म्हणे भेगा बुजतात, भेगा राहिल्या बाजूला नळ्याच चोंदल्या. वागळे इस्टेटमधल्या ह्या गॅरेजवाल्या काकांनी आधी काहीच खोललं नाही, इंजिन गार होऊ दिलं, मग रेडिएटरच्या तोंडाला प्रेशर टेस्टर लावून पंपाने हवेचा दाब दिला, गळती दिसावी म्हणून, आणि टॉर्च धरून बघत बसले. होज म्हणजे रबरी पाइप सगळे कोरडे, पण कूलंट फिरवणाऱ्या वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकातून टप टप. ते भोक मुद्दामच ठेवलेलं असतं, आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर पडावं म्हणून, लोक त्यालाच एमसील फासतात, काय बोलणार! सील, बेअरिंग, गॅस्केट नवीन टाकलं, रेडिएटर उतरवून साफ केला, नळाच्या पाण्याऐवजी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं अर्धं. जुने पार्ट पिशवीत घालून हातात दिले, हे आवडलं. आता काटा मध्येच. फक्त काका फोन उचलत नाहीत आणि पार्ट मिळेपर्यंत गाडी तिथेच अडकते, घाई असेल तर जाऊ नका.