स्लीपर बिनचूक, खडीचा मात्र घोळ

रेल्वेमार्गाच्या कामावर बिलिंग सांभाळते. वर्षभरापूर्वी खरेदी आणि खर्चाचं एक सॉफ्टवेअर आमच्या गळ्यात पडलं. नाव घेत नाही, रोज त्यातच काम करायचंय.

आधी कौतुक. एक किलोमीटर सिंगल लाइन, स्लीपरमधलं (रुळांखालच्या आडव्या तुळयांमधलं) अंतर ६०० मिमी, एवढंच भरलं की १६६७ स्लीपर, ३३३४ रबर पॅड, ६६६८ क्लिपा असा इंडेंट, म्हणजे मालाची मागणी, तयार. अंतर ६५० केलं की स्लीपर १५३८ वर. पूर्वी हे मी एक्सेलमध्ये करायचे. एकदा पॅडच्या रकान्यात दोनने गुणायचं राहिलं आणि ते कळलं थेट साइटवर पॅड संपले तेव्हा.

दुसरं म्हणजे ऑर्डर निघाली की बिलाची वाट न बघता रक्कम बजेटमधून वजा होते. जुन्या शीटमध्ये फक्त चुकती केलेली बिलं असायची. पॉइंट्स अँड क्रॉसिंगचा, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते त्या सांध्याचा, माल ऑर्डरनंतर महिनोन्महिने येत नाही. तोवर शिल्लक गुबगुबीत दिसायची आणि साहेब खुशीत पुढच्या ऑर्डरवर सही ठोकायचे.

आता खडी. ती येते वजनकाट्यावरून टनात, आणि रुळाखाली मोजायची घनमीटरमध्ये. सॉफ्टवेअर दोन्हीची सांगड एकाच आकड्याने घालतं: घनमीटरला १.६ टन. बदलायची मुभा फक्त ॲडमिनला. पावसात भिजलेली, चुरा मिसळलेली खडी १०० घनमीटर असली तरी काट्यावर १६८ टन भरते. स्क्रीन म्हणते १०५ आले. मग वरचे पाच कुठे गेले, याचा खुलासा मी द्यायचा! स्टोअरवाल्यांशी माझं दोन आठवडे वाजलं, त्यांना वाटलं मी चोर ठरवतेय. शेवटी डंपरचा हौदा टेपने मोजला, काठोकाठ भरला, वर फळी फिरवून सपाट केला आणि तोच काट्यावर नेला. घनमीटरला १.६८ निघाले. तेव्हा कुठे आमचं बोलणं सुरू झालं.

कंपनीच्या सपोर्टला हे कळवलं, तर उत्तरात मॅन्युअल आलं. ते आमच्याकडे होतंच.

भाववाढीच्या हिशेबातही सॉफ्टवेअर माल आल्याचा महिना सोडून बिलाचा महिना धरतं, तेवढं हाताने दुरुस्त करावं लागतं.

पाचपैकी साडेतीन. ॲडमिनचा पासवर्ड मला मिळाला तर चार देईन.