आचके देणारी हार्ड डिस्क: घरी क्लोन (हुबेहूब नक्कल) करायची की डेटा रिकव्हरी लॅबमध्ये द्यायची?

मावसबहिणीचा काल रात्री फोन आला. लॅपटॉप सुरू व्हायला २० मिनिटं, फोल्डर उघडला की हँग, आणि आत लेकीचे जन्मापासूनचे फोटो. मी आधी एकच विचारलं, "आवाज येतोय का गं?"

कारण सगळं तिथेच ठरतं. टक्-टक् असा लयीत आवाज म्हणजे बहुतेकदा हेड, म्हणजे डेटा वाचणारा भाग, गेलंय. डिस्क फिरत राहिली तर ते डेटा साठवणारी तबकडी खरवडू शकतं, आणि खरवडलेल्या जागेचा डेटा कुणालाच परत आणता येत नाही.

खर्च: घरी क्लोन करणारं 'डीडीरेस्क्यू' सॉफ्टवेअर फुकट. लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचा पेन ड्राइव्ह आणि तेवढीच किंवा मोठी दुसरी डिस्क हवी. लॅबला हेड बदलायला जुळणाऱ्या मॉडेलची डिस्क आणि धूळमुक्त जागा लागते, त्यामुळे बिल पाच आकडी होऊ शकतं.

वेळ आणि कष्ट: डीडीरेस्क्यू आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, खराब सेक्टर (डिस्कचे छोटे भाग) शेवटी. मॅपफाइल, म्हणजे कुठवर वाचून झालं याची नोंद, ठेवली तर वीज गेली तरी पुढून सुरू. पण दोन-तीन दिवस लागू शकतात, आणि कमांडमध्ये डिस्कची नावं उलटी पडली तर होतं तेही पुसलं जातं. तीन वेळा तपासा. रिकव्हरी सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर टाकणं तर साफ चूक.

आवाज नाही, डिस्क दिसतेय, नुसती संथ आहे: घरी क्लोन करा, फायली क्लोनमधून काढा. टक्-टक् येतेय किंवा डिस्क दिसतच नाही, आणि फोटो दुसरीकडे कुठेच नाहीत: आत्ता बंद करा, थेट लॅब.